ढगाबाहेरचे चार बोल्ट

पडदा वर जातो तेव्हा मंचावर कोणी नसतं. अकराव्या मजल्यावरचं लांबलचक दालन. सकाळचे पावणेआठ. ओळीनं मांडलेली साठ टेबलं आणि प्रत्येकावर दोन-दोन विझलेले स्क्रीन. खिडक्या भिंतभर, पण एकही उघडत नाही. छतातल्या जाळीतून गार वारा कुजबुजतोय. उजव्या कोपऱ्यात, खांबाच्या आडोशाला, एक टेबल मात्र बाकीच्यांशी फटकून उभं आहे. ते लाकडाचं आहे, उतरतं आहे, आणि त्यावर चादरीएवढा कागद अंथरलेला आहे. लिफ्टची घंटा वाजते आणि डावीकडून प्रवेश करतात एकोणसाठ वर्षांचे एक गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर सरकवलेला चष्मा, खिशाला पिवळ्या शाईचा डाग. ते खुर्चीवर बसत नाहीत. आधी कागद उलटा फिरवतात, डोकं खाली पाय वर, आणि मग उभ्यानंच वाचायला लागतात.

हे पिवळे मास्तर. आडनाव पिवळे नव्हे, पण नवीन रुजू झालेली मंडळी हमखास फसायची आणि ईमेलमध्ये ‘आदरणीय पिवळे सर’ असं लिहून मोकळी व्हायची. मास्तरही कधी दुरुस्त करत नसत. एरवी आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करणाऱ्या माणसानं तेवढी एक चूक प्रेमानं सोडून दिली होती.

नाव पडलं ते कामावरून. कंपनी होती एकोणीस देशांत पसरलेली. कुठल्या तरी देशाला विमानतळ हवा असतो, कुणाला स्टेडियम, कुणाला समुद्रावरचा पूल. त्यांची चित्रं, हिशोब, नकाशे ही कंपनी तयार करून द्यायची. बांधायची काही नाही, फक्त कागद. त्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकोन असायचे: तयार केले, तपासले, मंजूर केले. मास्तरांची चौतीस वर्षं मधल्या चौकोनात गेली. हातात दोन पेनं. जो आकडा बरोबर त्यावर पिवळी रेघ, जो चूक त्यावर लाल. कागदावरचा एकही आकडा, एकही बाण, एकही बोल्ट रंगाशिवाय सुटायचा नाही. संध्याकाळी त्यांच्या टेबलावरचा कागद हळद लागल्यासारखा दिसायचा.

इंजिनियर म्हणून ते कुणापेक्षा कमी नव्हते. कॉलेजातून पहिले आले होते. स्वतः काहीतरी उभं करावं ही हौस त्यांनाही होती. पण रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी एका विमानतळाच्या जिन्यात त्यांनी चूक पकडली. वरच्या नकाशात सव्वीस पायऱ्या, खालच्या नकाशात सत्तावीस. जिना काढणाऱ्याला वर्षाच्या शेवटी बढती मिळाली आणि साहेबांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. “असा डोळा हजारात एकाला असतो हो. तुम्हाला तपासणीतून हलवणं म्हणजे गुन्हा ठरेल.” झालं. त्या थापेखाली मास्तर तिथेच रुतले. बरोबरचे वर गेले, परदेशी गेले. मास्तरांनी तपासलेल्या एकाही विमानतळावर मास्तर कधी उतरले नाहीत.

“जाऊ दे हो,” बायको म्हणायची. “जिथं तिथं तुम्ही लाल पेन घेऊनच फिरला असता. भिंती नासल्या असत्या.”

बायको शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. नवऱ्याची चेष्टा करायचा हक्क ती रोजच्या रोज वसूल करायची. पण त्या कंपनीत मास्तरांचं एकच भांडवल आहे हे तिलाही ठाऊक होतं. चौतीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटलेलं नव्हतं. पगार सुटला, बढती सुटली, चूक नाही.

आता दुसऱ्या पात्राचा प्रवेश. चौदा वर्षांपूर्वी एक मुलगी रुजू झाली. हुशार, घाईची. पहिला कागद तिनं मास्तरांकडे आणला आणि तासाभरानं परत नेला तेव्हा त्यावर एकोणतीस लाल खुणा होत्या. ती जिन्यात जाऊन रडली. मास्तर डबा घेऊन तिथेच जाऊन बसले.

“रडून झालं की जेव,” ते म्हणाले. “आणि उद्यापासून कागद उलटा धरून वाचायचा.”

“उलटा? का सर?”

“सुलटा धरला की डोळा त्याला पाहिजे तेच वाचतो. उलटा धरला की जे आहे ते वाचावं लागतं.”

तिनं ते मनावर घेतलं. दोन वर्षांत तिच्या कागदांवर लाल खूण शोधावी लागायची. मास्तर तिला ‘पोरी’ म्हणायचे. घरी जेवायला न्यायचे. बायकोला ती काकू म्हणायची आणि काकूच्या मांडीवर डोकं ठेवून साहेब लोकांच्या नकला करायची. पुढे तिला मुख्य कचेरीत बोलावणं आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मास्तरांना झाला. विमानतळावर सोडायला गेले, आणि सवयीनं तिथल्या जिन्याच्या पायऱ्या मोजून आले.

आठ वर्षांनी ती परतली ती संचालक होऊन. काचेची केबिन, दारावर नाव. मास्तरांना अजून ‘सर’च म्हणायची, पण चारचौघांत तिच्या तोंडून ‘आपले सीनियर रिसोर्स’ असं निघून गेलं, आणि मास्तरही तिला चारचौघांत ‘मॅडम’ म्हणायला लागले. ‘पोरी’ कुठे गेली ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

आता या धंद्यातली एक रीत समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. कुठलाही नकाशा एकदाच तयार होऊन थांबत नाही. मालक म्हणतो खिडकी हलवा, कंत्राटदार म्हणतो पाइप आडवा येतोय. मग नकाशा बदलतो. जिथे बदल केला त्याभोवती एक वळणावळणाची रेघ काढतात. लहान मूल ढग काढतं ना, अगदी तशी. धंद्यातही त्याला ढगच म्हणतात. ढगाच्या आत नवीन, ढगाच्या बाहेर जुनं आणि आधीच तपासलेलं. त्यामुळे बाकीचे तपासणारे फक्त ढगात बघायचे आणि सही करायचे. दोन तासांचं काम. मास्तर दर वेळी अख्खा कागद पहिल्यापासून तपासायचे. सहा तास.

एका सोमवारी बैठकीत भिंतीवर आलेख लागला. प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी, ठरलेल्या वेळात काम करणाऱ्यांची हिरवी. मास्तरांची पट्टी लाल, आणि ती इतकी लांब की भिंत संपून दाराच्या चौकटीवर गेली होती.

“मास्तरांना बाहेरच्या पॅसेजमध्ये पण भिंत द्यावी लागणार!” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मास्तरांनी बघितलं, मॅडमही हसत होत्या. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात. पण हसत होत्या.

बैठकीनंतर तिनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

“सर, ढगाच्या आतलंच बघत जा ना.”

“बाहेरचं हललं नाही हे कोण सांगतं?”

“सिस्टिम सांगते.”

“सिस्टिम कागद उलटा धरते का?”

ती दमल्यासारखी खुर्चीत मागे रेलली. “तीन महिने राहिलेत तुमचे. वरून रोज मला विचारतात, या माणसाचे सहा तास कशाला. मी किती दिवस झाकू? हे मी लेखी देत नाहीये, सर. पण समजून घ्या. ढगाबाहेर बघायचं नाही.”

मास्तर उठले. “ठीक आहे. तुमच्या मनासारखं.”

त्या ‘तुमच्या’वर जो जोर होता तो तिला ऐकू आला असणार.

चारच दिवसांत एका बसस्थानकाच्या दर्शनी छताचा नकाशा परत आला, सहाव्यांदा बदललेला. ढग लहानसा होता. पावसाच्या पाण्याचा पाइप हातभर डावीकडे सरकवला होता, एवढंच. मास्तरांनी कागद अंथरला. उलटा केला नाही. ढगात बघितलं, पाइपवर पिवळी रेघ मारली, आकडा बरोबर होता. बाकीचा सगळा कागद पांढराशुभ्र तसाच सोडला. आयुष्यात पहिल्यांदा असा कोरा कागद त्यांच्या टेबलावरून उठत होता आणि त्यांना त्यात एक वाईट प्रकारचं समाधान वाटत होतं. मधल्या चौकोनात सही केली. एक तास चाळीस मिनिटं. शेजारच्या चौकोनात मंजुरीची सही मॅडमची.

ढगाबाहेर काय झालं होतं? पाइप सरकवताना दूरच्या कुठल्या कचेरीतल्या कुणीतरी, वेळ वाचवायला, छताला खांबाशी जोडणाऱ्या लोखंडी हाताचं चित्र दुसऱ्या एका लहान छताच्या नकाशातून उचलून चिकटवलं होतं. दिसायला हुबेहूब. फक्त आठ बोल्टांच्या जागी चार. आधीच्या प्रत्येक वेळी मास्तरांनी ते आठ बोल्ट एकेक करून पिवळे केले होते.

छत चढवलं त्या दुपारी क्रेननं दोर सैल सोडला आणि एक टोक टीचभर खाली बसलं. टीचभरच. पण त्या फटीत एका फिटरचा डावा हात होता. तीन बोटं गेली.

मास्तर दवाखान्यात गेले. कंपनीनं सांगितलं नव्हतं, उलट जाऊ नका असं सांगितलं होतं. फिटर तिशीचा, बोलका, गुंडाळलेला हात उशीवर ठेवून बसलेला.

“डॉक्टर का तुम्ही?”

“नाही. मी कागद तपासणारा.”

“अच्छा. आमच्याकडे पण असतो एक, बोल्ट मोजतो. त्यानं मोजले. कागदावर चार होते, चार लावले.”

“कागद चुकला होता.”

“मग कागदाचा हात कापायचा ना, काका,” फिटर म्हणाला आणि स्वतःच हसला. मास्तरांना हसता येईना. आणलेली संत्री स्टुलावर ठेवली आणि निघाले. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, याला एका हातानं सोलता कशी येणार. परत आले. तीन संत्री सोलून, फोडी मोकळ्या करून ठेवल्या, मग गेले.

चौकशी लागली. मुख्य कचेरीतून एक साहेब येणार होते. त्याआधीच्या रविवारी सकाळी मॅडम मास्तरांच्या घरी आल्या. मुख्य कचेरीत गेल्यापासून पहिल्यांदा. काकूंनी चहा टाकला. मॅडमनी पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला.

“सर, यावर सही हवीय. मी स्वतः लिहिलाय, तुम्हाला त्रास होणार नाही असा.”

मास्तरांनी वाचला. ‘सदर बदल माझ्या नजरचुकीने तपासणीत राहून गेला.’ बाकी दोन ओळी दिलगिरीच्या.

“नजरचूक,” ते म्हणाले.

“हो. नजरचूक कुणाच्याही हातून होते, नियमात बसते. विषय तिथेच संपतो. फिटरची भरपाई कंत्राटदारानं मंजूर केलीय, तिचा याच्याशी संबंध नाही. तुम्ही महिनाभरात नीट निवृत्त व्हाल. निरोप समारंभ होईल.”

“पण माझी नजर चुकली नाही.”

“सर...”

“मी बघितलंच नाही तिथं. तू सांगितलंस म्हणून.”

चौदा वर्षांपूर्वीचं ‘तू’ अचानक खोलीत आलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, “बघितलं नाही म्हणालात तर न तपासता सही केली असा अर्थ होतो. त्याला माफी नाही. त्याच दिवशी काढतील तुम्हाला. आणि पुढचा प्रश्न येईल, का नाही बघितलं. मग मी पण जाईन. मला दोन मुलं आहेत, सर. एक शब्द तर आहे.”

ती गेल्यावर बायको कपबशा न उचलता तशीच बसून राहिली.

“करा ना सही. चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. सगळ्यांना खरं वाटेल.”

“म्हणूनच नाही करायची! सगळ्यांना खरं वाटेल!” मास्तर ओरडले. ते घरात फारसे ओरडत नसत. “चौतीस वर्षं, अगं. माझ्याजवळ दुसरं आहे काय? तिच्याजवळ केबिन आहे. माझ्याजवळ एवढंच की याच्या नजरेतून सुटत नाही. तेसुद्धा मीच सही करून देऊन टाकू?”

बायकोनं कपबशा एकात एक ठेवल्या.

“एक विचारू? रागवायचं नाही. तुम्हाला त्या दिवशी कुणी हात धरून अडवलं होतं का? अख्खा कागद बघायला?”

“तिनं सांगितलं होतं—”

“तिनं याआधी सांगितलं नव्हतं का? सगळे सांगतच होते. तुम्ही ऐकत नव्हतात. त्या दिवशीच का ऐकलंत?” आणि मग उत्तर तिनंच दिलं, मुलांना गणित सोडवून दाखवावं तसं शांतपणे. “ती हसली म्हणून. तुम्ही रुसून सही केलीत.”

मास्तरांनी खिडकीकडे तोंड केलं. तिकडे बघतच म्हणाले, “हो.”

तो ‘हो’ त्यांनी पुढे कधीच मागे घेतला नाही. पण त्या कागदावर सहीही केली नाही.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी आपल्याला फक्त चौकशीच्या खोलीत थांबता येईल. मास्तरांना चौकशीनंतर चौथ्या दिवशी काढलं. समारंभ नाही, हार नाही. ओळखपत्र खालच्या काउंटरवर जमा करायचं आणि चालू पडायचं. उतरतं टेबल कुणालाच नको होतं, ते गोदामात गेलं. ढगाचा नियम राहिला, उलट महिनाभरात लेखी आला, छान छापून. मॅडम दोन वर्षांनी आणखी वर गेल्या, पुन्हा मुख्य कचेरीत. या वेळी विमानतळावर त्यांना सोडायला कुणी गेलं असेल तर ते मास्तर नव्हते. बसस्थानकाचं छत आठ बोल्टांवर बसवलं आणि आता लोक त्याच्या सावलीत उभे राहतात. वाईट एवढंच वाटतं की इतक्या चांगल्या कामगाराला शेवटच्या अंकात टाळी मिळाली नाही. पण टाळ्या मोजून कुणाची किंमत ठरवायची नसते, हेही रंगमंचावरच शिकायला मिळतं.

तर, ती खोली. बिनखिडक्यांची, अंडाकृती टेबल, मधोमध पाण्याच्या चार बाटल्या. पलीकडे चौकशीचे साहेब, समोर लॅपटॉप, स्वतःच टाइप करणारे. सभ्य माणूस. डावीकडे मॅडम. उजवीकडे मास्तर, इस्त्रीचा शर्ट घालून. बायकोनं खिशावरचा पिवळा डाग काढायचा प्रयत्न केला होता, निघाला नव्हता. टेबलावर तो नकाशा, कोरा, एका पाइपवर एक पिवळी रेघ.

“मी लिहून घेतो,” साहेब म्हणाले. “तपासणीत हा बदल नजरचुकीनं राहिला. बरोबर?”

“नाही.”

साहेबांची बोटं थांबली. “म्हणजे?”

“नजरचूक झालेली नाही. मी तो भाग बघितला नाही.”

“न बघता सही केलीत?”

“केली.”

“याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? मी पुन्हा विचारतो. हवं तर थोडं पाणी घ्या.”

“कळतोय. पाणी नको. लिहा, बघितला नाही.”

साहेबांनी लिहिलं. कळांचा आवाज थांबला तेव्हा खोलीत वाऱ्याची जाळी तेवढी वाजत होती. मग त्यांनी मान वर केली आणि जो प्रश्न यायचा तो आला.

“तुमची चौतीस वर्षांची नोंद माझ्यासमोर आहे. प्रत्येक वेळी तुम्ही अख्खा कागद तपासलाय, त्याबद्दल तक्रारी आहेत तुमच्याविरुद्ध. मग या एकाच कागदावर का नाही? ढगाबाहेर बघू नका असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?”

मास्तरांनी हळूच मान डावीकडे वळवली. नाटकात समोरच्याचं वाक्य आलं की आपण गप्प राहायचं असतं. आपल्याला ते पाठ असलं तरी ते त्याचं वाक्य असतं. मास्तर तसे थांबले. कुठलाही राग न धरता, जवळजवळ आशेनं थांबले. आता ‘पोरी’ बोलेल. एवढंच म्हणायचं होतं तिला, ‘मी सांगितलं होतं.’ तीन शब्द.

मॅडमनी समोरच्या बाटलीचं बूच उघडलं. परत लावलं. त्यांची नजर नकाशावर होती, आणि नकाशा त्यांच्या बाजूनं सुलटा होता.

अर्धं मिनिट गेलं असेल. तेवढ्या वेळात मंचावर माणूस म्हातारा होतो.

“मी विचारलं,” साहेब मऊपणे म्हणाले, “कोणी सांगितलं होतं का?”

मास्तरांनी मान सरळ केली, चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि त्या कचेरीतलं आपलं शेवटचं वाक्य बोलले.

“नाही साहेब. आमच्याकडे असं कोणी सांगत नाही.”